नदीकडे तोंड केलेला फलक

मित्रांनो, पत्र्याला म्हातारपण लवकर येतं. माझं वय फार नाही, तरी गंजामुळे माझी गणती जुन्यांत होते. हिंगोलीहून नरसी नामदेवला जाताना कयाधूच्या काठाला एक मोकळं रान लागतं. तिथं मी दोन लोखंडी पायांवर उभा आहे.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. कोंडीबा पेंटरनं मला पांढरा रंग दिला आणि निळ्या अक्षरांत लिहिलं, 'ही जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे. येथे बांधकामास सक्त मनाई आहे.' पूररेषा म्हणजे काय, तर मोठा पूर आला की नदी जिथवर येते, तिथवरची जागा तिची. तिथं आपण घर बांधू नये. इतका साधा नियम आहे. म्हणूनच तो कुणाला आवडत नसावा.

मला उभं केलं त्या दिवशी नारळ फुटला. सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला. आता इथं एकही घर होणार नाही असं म्हणून ते जीपमध्ये बसले, ते परत आले नाहीत. पुढं म्हशी माझ्या पायांना अंग घासू लागल्या. तरी माझं तोंड रस्त्याकडे होतं आणि येणारा-जाणारा मला वाचत होता. फलकाला आणखी काय पाहिजे?

मग एका उन्हाळ्यात वावटळीनं मी आडवा झालो. उचलायला कार्यालयातून कुणी आलं नाही. आला तो हरीश. त्यानं ते रान घेऊन त्याचे प्लॉट पाडले होते. त्यानं माणसं लावून मला उभं केलं, पाय सिमेंटात पक्के बसवले, फक्त तोंड नदीकडे केलं. माझ्या कोऱ्या पाठीवर 'नदीकिनारी हवेशीर प्लॉट' असं पिवळ्या रंगात लिहून घेतलं. लिहायला कोंडीबाच होता. अक्षर दोन्ही बाजूंना सारखंच सुबक आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्यानंतर माझा मजकूर वाचायला एकटी नदी उरली. तिला तो आधीपासूनच ठाऊक होता.

साजीद आणि आयेशा आले ते पिवळी बाजू वाचून. साजीद गाद्या भरायचा. भाड्याच्या खोलीत कापूस आणि लेकरं दोन्ही मावेनात, म्हणून होती नव्हती ती पुंजी घालून त्यांनी इथं प्लॉट घेतला. घराचं जोतं बांधून झालं आणि भाद्रपदात कयाधूनं ते पाण्याखाली घातलं. पाणी ओसरल्यावर गाळ कुठवर आलाय ते बघत आयेशा माझ्या मागे आली, म्हणजे खरं तर पुढे, आणि चिखलात उभ्या उभ्या तिनं मला वाचलं.

साजीद हरीशकडे गेला. हरीशचं म्हणणं, बोर्ड मी कुठं लपवला, हाय की तिथंच. साजीद कार्यालयात गेला. तिथं कळलं की घराला परवानगी मिळणार नाही, आणि फलक लावल्याची नोंद बराबर आहे. फलक उलटा आहे असं तो म्हणाला, तेव्हा साहेबांनी विचारलं, "उलटा का होईना, लावलेला आहे ना?"

शेवटी वाट दाखवली ती हरीशनंच. तुमी बी विकून टाका म्हणाला, गिऱ्हाईक मी आणतो.

पुढच्या उन्हाळ्यात हरीश गिऱ्हाईक घेऊन आला. सेनगावकडच्या एका तांड्यावरचा रूपसिंग. शेती तिकडे, पण लेकरांच्या शाळेसाठी त्याला हिंगोलीजवळ घर हवं होतं. जोतं आयतं मिळतंय म्हणून तो खुशीत होता. जाता जाता त्यानं आयेशाला विचारलं, "भाभी, पाणी तं येत न्हाई ना इथं? लेकरं लहान हायेत."

पाण्याचं नाव काढायचं नाही, असं साजीदनं तिला घरीच बजावलं होतं. आता तो चपलेनं माती उकरत राहिला. तिनं नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं तर त्यांची पुंजी सुटत होती. ती वळून माझ्या नदीकडच्या बाजूला आली.

"या भाऊ," ती म्हणाली, "या बाजूनं वाचा."

रूपसिंगनं माझ्या अक्षरांखाली बोट धरून मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, "मंग तुमी काहून घेतला?"

"आमी तिकडून वाचला."

रूपसिंगनं हात जोडले आणि तो जीप धरायला गेला. "साजीदभाई, घरात वकील पाळून राहिले का तुमी?" एवढं बोलून हरीशही गेला.

साजीद जोत्यावर बसला. आता करायचं काय ते तूच सांग, असं तो म्हणाला. आयेशानं पदर खोचला आणि जोत्याची एक वीट पहारीनं उचकटली. थोड्या वेळानं तोही उठला. तो तिच्या हातातली एकेक वीट घेऊ लागला. जेवढ्या शाबूत निघाल्या तेवढ्या ऑटोत घालून दोघं पुन्हा भाड्याच्या खोलीकडे गेले.

नंतर आयेशानं मला फिरवायची खटपट केली. सरकारी फलक हलवायला परवानगी लागते, असं तिला कार्यालयात सांगण्यात आलं. उलटा करायला लागली नव्हती.

परवा इथं आणखी एक जोडपं आलं. बाई माझ्या पाठीवरचं 'हवेशीर' वाचत होती. तेवढ्यात वारा सुटला, तसा मी अंगात होतं नव्हतं ते बळ लावून खडखडलो. ती नवऱ्याला म्हणाली, हवा खरंच छान आहे.

मित्रांनो, त्या रस्त्यानं कुणी जाणार असाल तर त्या बाईला हाक मारा आणि नदीच्या बाजूला घेऊन या. तिचं जोतं अजून व्हायचं आहे.