दुर्बिणीला अर्धा वळसा

फिटरने दुर्बिणीची पेटी टेबलावर ठेवली. "ताई, तीन दिवस छपाईयंत्राचे रूळ ठोकतोय. रूळ सरळ, मालक वाकडा. म्हटलं, दुर्बीणच तपासून आणू."

लांब यंत्राचे भाग एका रेषेत बसलेत का, हे या दुर्बिणीतल्या बारीक फुलीवरून ठरतं. चार महिन्यांपूर्वी ती आमच्याच तपासणीच्या खोलीत तपासली गेली होती. काम बाबांचं, त्यांच्या हाताखाली माझंही. बाबांना जाऊन दीड महिना झाला.

"काकांची नजर शेवटी दगा देत होती ना," तो आवाज उतरवून म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, माझ्यादेखत. त्यांच्या हातून राहिलं असेल. जाऊ द्या, गेलेल्या माणसाला काय बोलायचं."

"हं," मी म्हणाले.

तो चहाला खाली गेला. माझा 'हं' खोलीतच राहिला.

त्या दिवशी बाबांनी दुर्बीण खाचेच्या ठोकळ्यांवर आडवी ठेवून लाटण्यासारखी जागच्या जागी अर्धी फिरवली होती. त्यांची रीतच ती. फुली हलली नाही तर दुर्बीण खरी. हलली तर जेवढी हलली त्याच्या निम्मी चूक दुर्बिणीची. "सरकतेय गं," दुर्बीण पुन्हा मूळ बाजूवर आणत ते म्हणाले. मी डोळा लावला, न फिरवताच. फुली समोरच्या भिंतीवरच्या निशाणाच्या बरोबर मध्यावर होती.

"बाबा, हट्ट नका करू. डोळे आता साथ देत नाहीत तुमचे."

फिटर शेजारीच उभा होता. बाबांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. "तू म्हणतेस तर असेल." त्यानंतर ते त्या स्टुलावर बसले नाहीत.

आता मी दुर्बीण ठोकळ्यांवर ठेवली. फुली निशाणाच्या मध्यावर. अर्धा वळसा दिला. फुली निशाणावरच्या दोन रेघा सरकली. पुन्हा फिरवली. पुन्हा दोन रेघा.

मग निशाण जुळत कसं होतं? भिंतीला रंग दिल्यावर ते मीच परत लावलं होतं. त्या आठवड्यात टेबलावर तपासायला आलेली दुर्बीण हीच. हिच्यातूनच बघून निशाण बसवलं, आणि मग त्याच निशाणावर हिला खरी ठरवलं. चोरालाच साक्षीला उभं केलं होतं.

मी नोंदवही उघडली. त्या तारखेला बाबांच्या अक्षरात 'दोन रेघा' लिहिलं होतं. त्यावर काट. बाजूला, त्याच शाईत: 'नजरदोष माझा.'

फिटर आला. "झालं?"

"इथे डोळा लावा." मी दुर्बीण फिरवली.

"अरे, ही तर पळाली!"

"दोन रेघा. बाबांना तेव्हाच दिसल्या होत्या. मी फिरवून पाहिलंच नाही. निशाणही मीच चुकीचं लावलं. त्यांचे डोळे ठीक होते, दादा."

त्याने दुर्बीण स्वतः एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाला, "काकांनी भांडायचं तरी."

"त्यांना माझं खरं वाटलं."

तो सरळ झाला. पेटी इथेच ठेवून उद्या येतो म्हणाला.

मी निशाणाचे स्क्रू काढले. त्याच्याखाली भिंतीवर जुना रंग नव्हता, नवाच होता; माझी चार भोकं तेवढी होती. त्या निशाणावर नंतर मी अकरा दुर्बिणी जुळवून दिल्या होत्या. वही पुढ्यात घेऊन पहिला फोन लावला.

"कोण, काकांची मुलगी का?"

"हो," मी म्हणाले. "एक चूक सांगायची आहे. माझी."