मागून नेलेला टॅब

माकेलेसीने कुणाकडे काही मागितलं आणि समोरच्याने नाही म्हटलं, असं आयुष्यात घडलं नव्हतं. आमच्या बेटावर तशी रीतच नाही. नात्यातल्या माणसाने मागितलं की द्यायचं; उद्या तुम्ही मागाल तेव्हा तो देईल. माकेलेसी जरा जास्तच मागायची, हे खरं. तिचा धाकटा भाऊ नेमानी म्हणायचा, ताई दारात दिसली की चांगली सुरी आधी आत टाकावी. पण हे तो तिच्या पाठीमागे म्हणायचा.

तेव्हा भेटीच्या रविवारी तिने नातीकडे शाळेचा टॅब मागितला, यात तिला स्वतःला काही विशेष वाटलं नाही.

शाळा खाडीच्या पलीकडे. मुलींची, राहून शिकायची. त्या वर्षी समुद्रापलीकडच्या कुणा दात्यांनी तिथे यंत्रं पाठवली आणि शाळेला जणू नवी नवरी घरात आल्यासारखं झालं. पहाटे मुलींना उठवणारा लाकडी ढोल स्वयंपाकघरामागे गेला. त्यात आता कोंबड्या अंडी घालत. त्याच्या जागी भोंगा आला. फाटकावर कॅमेरा बसला. मुलीने त्याच्यासमोर तोंड वर करून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की आत जायचं. माकेलेसीला ते पहिल्याच दिवशी खटकलं होतं. आमच्या पोरी मोठ्यांपुढे मान खाली घालतात, आणि हे डबडं म्हणतं हनुवटी उचल. शिवाय प्रत्येक मुलीला एकेक टॅब मिळाला. कुठला टॅब कुठे आहे, ते यंत्राला बसल्या जागी कळायचं.

त्या रविवारी माकेलेसीने नारळाच्या दुधातला मासा आणि उकडलेले अळूचे कंद नेले होते. आंब्याखाली चटई टाकून दोघी जेवल्या. मग अलुमिताने टॅबवर बापाला बोलावलं. वाटिसोनी, माकेलेसीचा एकुलता एक, ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला. तीन वर्षं घरी आला नव्हता. काचेत त्याचा चेहरा एवढा जवळ आला की लहानपणी माडावरून पडला होता त्याची भुवईवरची खूणसुद्धा दिसली. तो गेला तरी माकेलेसी काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा आठवडाभर माझ्याकडे ठेव."

अलुमिताने टॅबकडे पाहिलं, मग खाली. आणि दोन्ही हातांनी तो आजीच्या पुढ्यात धरला. माकेलेसीने त्याचा अर्थ, पोर खुशीने देतेय, असाच घेतला.

गावात नेटवर्क फक्त देवळामागच्या टेकडीवर. दुखऱ्या गुडघ्यांनी ती दोनदा वर चढली. वाटिसोनी एकदाच आला, चार मिनिटं. बसच्या रांगेत उभा आहे, म्हणाला, नंतर बोलतो. तेवढं तिने गावभर दोन दिवस पुरवलं. मग शेजारच्या गावची नणंद आली. तिचाही मुलगा तिकडेच. तिने टॅब मागितला. मागितला म्हणजे दिला. नणंदेकडून तो होडीत बसून तिच्या लेकीकडे गेला. माकेलेसीला परत हवा झाला तेव्हा तो तिसऱ्या गावात, बंद पडलेला, एका तान्ह्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला सापडला.

आणि सहाव्या दिवशी मासळीच्या होडीतून अलुमिता उतरली. सोबत तिची पत्र्याची पेटी.

झालं होतं ते असं. रोज संध्याकाळी यंत्र टॅब मोजायचं. तीन संध्याकाळी एखादा आवारात दिसला नाही, की मुलीचं नाव लाल. मोठ्या मास्तरांनी, म्हणजे आपेनिसाने, तिला बोलावून पडद्यावर नकाशा दाखवला. खाडीच्या मधोमध एक ठिपका. तुझा टॅब काय मासे धरायला गेला होता का, असं त्याने विचारलं आणि बाकीचे मास्तर हसले. मग कुणी नेला ते विचारलं. एकदा नाही, तीनदा. अलुमिता गप्प राहिली. आपल्या आजीचं नाव असं मास्तरांपुढे टाकायचं असतं का? पाचव्या दिवशी यंत्राने तिचं नाव शाळेच्या यादीतून काढून टाकलं.

शेवटचं वर्ष होतं तिचं. ऑक्टोबरात परीक्षा, मग नर्सिंगची शाळा. आमच्या गावातून इतकं कुणी शिकलं नव्हतं. स्वतः माकेलेसी तिसरीत शाळेला राम राम ठोकून निघाली होती, पण देवळात बायकांना सांगून मोकळी झाली होती, की यापुढे सुया टोचून घ्यायच्या तर आमच्या घरच्या हातून, आणि त्याही ओळखीने.

"रडू नकोस," ती अलुमिताला म्हणाली. पोर रडत नव्हतीच.

माकेलेसीने माळ्यावरची पेटी काढली. तिच्यात देवमाशाचा दात होता, वितीहून मोठा, मधासारखा पिवळा, काथ्याच्या दोरीत ओवलेला. लग्नात आला होता; तिने तो स्वतःच्या मरणासाठी राखला होता. आमच्याकडे असा दात पुढे ठेवून माफी मागितली आणि समोरच्याने तो हातात घेतला, की गोष्ट तिथे पुरली जाते. खून पुरले गेलेत अशाने, टॅबची काय कथा.

बोलणारा पुरुष लागतो. नेमानी आला आणि खोबरेल लावून दात पुसायला बसला. "चूक कुणाची म्हणून सांगू, ताई?"

"पोरीकडून चूक झाली म्हण."

नेमानीचा हात थांबला. "पोरीकडून?"

"मग माझं नाव घेणारेस? त्या आपेनिसापुढे? त्याचं नाक पुसलंय मी या हातांनी."

नेमानी पुन्हा दात पुसू लागला. तिथेच अलुमिता नारळ खवत होती. तिची खवणी एकदाही थांबली नाही, आणि हे माकेलेसीच्या नंतर फार लक्षात राहिलं.

शनिवारी, टॅब सोबत घेऊन, आपेनिसाच्या घरी चटईवर सगळे बसले. कावा, मुळांचं ते मानाचं पेय, कालवला गेला. नेमानी सुंदर बोलला. पोर अजाण आहे, वाट चुकली, असं सगळं. अलुमिता सगळ्यात मागे, खाली मान घालून. आपेनिसाने दोन्ही हातांनी दात घेतला, त्याला नाकाशी लावलं, तोही सुंदर बोलला. ही गोष्ट इथे पुरली, म्हणाला. ओंजळीच्या पोकळ टाळ्या वाजल्या. माकेलेसी दोनदा वाढून जेवली.

सोमवारी सकाळी ती नातीला घेऊन फाटकावर गेली. अलुमिताने हनुवटी उचलली. लाल दिवा.

"तोंड नीट धुतलंस का?" माकेलेसी म्हणाली. पुन्हा लाल. मागे मुलींची रांग साचली. पहारेकऱ्याने बाजूला व्हायला सांगितलं. बाजूला झाल्यावर एक नवीनच मुलगी पुढे आली, तिला हिरवा लागला, ती गेली आत. अलुमिता आजीला हळूच म्हणाली, "बूबू, माझा पलंग तिला दिलाय."

आपेनिसा आला. कमरेला लुंगीसारखा नेसलेला इस्त्रीचा सुलू, गळ्यात टाय, नजर माकेलेसीच्या खांद्यावरून पलीकडे.

"काकी, मी माफ केलं. पण नाव माझ्या हातात नाही. यंत्र यादी तिकडे पाठवतं, दात्यांकडे. एकदा गेली की गेली."

"मग दात घेताना तू कोण होतास?"

आपेनिसाने टाय सरळ केला. त्याला ठाऊक असणार, शनिवारीही. पण माणसांसमोर पुढे आलेला दात नको म्हणायला छाती लागते, आणि खरं बोलायलाही लागते.

हा दुसरा विचार माकेलेसीच्या मनात आला आणि तिथेच अडकला. ती मागे वळून रांगेतल्या मुलींकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "टॅब मी मागितला. तिने दिला. मला नाही म्हणायची तिची काय बिशाद होती?"

आपेनिसाने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही?"

"मी."

"काकी, टॅब का गेला ते लिहायच्या फॉर्मवर तशी ओळ होती. घरच्या वडीलधाऱ्यांनी नेला, अशी. तिथे खूण केली की मुलीला काही होत नाही, नुसती ताकीद. नाव निघालं तरी शुक्रवारपर्यंत उघडा होता तो. मी तिला तीनदा विचारलं." त्याने फाटकाकडे पाहिलं. "आणि शनिवारी तर नेमानी म्हणाला, पोरीची चूक. मी तेच लिहून पाठवलं."

भोंगा वाजला. मुली आत धावल्या. आपेनिसा म्हणाला, दात परत देतो, घेऊन जा. दिलेला दात परत घेणं म्हणजे थुंकलेलं चाटणं, हे त्याला काय माहीत नव्हतं? "ठेव," माकेलेसी म्हणाली. "त्या फाटकाला बांध. त्याला तरी कळू दे माफी म्हणजे काय असते ते."

बोलली खरी झणझणीत. पण होडीत बसेपर्यंत त्या बोलण्याची कडू चव तिच्याच जिभेवर आली.

खाडी शांत होती. अलुमिता समोरच्या फळीवर पेटी पायांत धरून बसली होती. अर्ध्या वाटेवर, जिथे यंत्राने तो ठिपका दाखवला असेल तिथेच कुठेतरी, ती म्हणाली, "बूबू, मला तुमच्याकडे काही मागायचंय."

या पोरीने आजवर काही मागितलं नव्हतं. "माग की."

"मला शहरात जाऊ द्या. मासे डब्यात भरायच्या कारखान्यात माणसं घेतात. या बुधवारच्या जहाजाने."

माकेलेसीच्या तोंडात दहा उत्तरं आली. बापाला काय सांगू. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. दुसरी शाळा आहे. मी काही मेले नाही अजून. अलुमिता खाली बघत नव्हती. तिची हनुवटी वर होती, फाटकासमोर असायची तशी, आणि ती वाट बघत होती.

"तुम्ही मागितलंत तेव्हा मी दिलं," ती म्हणाली.

माकेलेसीने होडीच्या कडेला धरलं. पाणी बघितलं, किनारा बघितला. आयुष्यभर या रीतीच्या एकाच बाजूला बसली होती ती.

"जा," ती म्हणाली.