खुणेच्या वर एक वीत

गुडघ्यापाशी

पूर ओसरला त्याच आठवड्यात दिरानं रंगारी लावून शिवणकामाच्या कारखान्याची भिंत रंगवून घेतली. चिखलाचा पट्टा दिसला तर गिऱ्हाईक बिचकेल, असं त्याचं म्हणणं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी."

"मूठ तुमची, रंग माझ्या पैशाचा," वहिनी म्हणाली, पण हसून. कारखाना तिचा होता. मग वायरमनला बोलावून विजेचे बोर्ड खांद्याएवढे वर घेतले. पाणी कमरेपर्यंत आलं होतं, हे तर दोघांना पक्कं ठाऊक होतं.

कमरेपाशी

वर्ष सरत आलं. महिनाअखेरीला विमा संपणार होता, आणि विम्याशिवाय शाळांच्या गणवेशाचं काम कुणी देत नव्हतं. विमा कंपनीच्या तपासनीस बाई आल्या. चहा नको म्हणाल्या, मोजपट्टी काढली.

"पुराची खूण कुठंय?"

"आमच्याकडे तसं पाणी..." दीर चाचरला.

"अख्ख्या रस्त्यात शिरलं आणि तुमच्या दारात चपला काढून उभं राहिलं?"

शिवणारी एक बाई मशीनवर वाकून हसली.

"नवा कायदा ऐकला नाहीत वाटतं," तपासनीस बाई म्हणाल्या. "हवामान बदलतंय, पूर वाढणार, हे सरकारनं मान्य केलंय. त्यामुळे नदीकाठ आहे एवढ्यावरून आम्हाला नाही म्हणता येत नाही. ज्यानं बोर्ड खुणेच्या वीतभर वर नेले, त्याला विमा द्यावाच लागतो. पण खूणच नाही, तर वर म्हणजे कशाच्या वर?"

वहिनीनं दिराकडे पाहिलं. दिरानं छताकडे.

खांद्यापाशी

"भाऊजी, पत्र्याचा तुकडा आणा. रंग खरवडा."

त्यानं कमरेपासून सुरुवात केली. पांढऱ्याखाली तपकिरी. आणखी वर, तपकिरीच. पोटापाशी तपकिरी, छातीपाशी तपकिरी. मशीनं एकेक करून थांबली. पट्टा संपला तो बोर्डाच्या चार बोटं वर.

पाणी कमरेपर्यंत होतं, असं वहिनीनं वर्षभर नणंदेला, शेजारणीला, स्वतःला सांगितलं होतं. पुराच्या दिवशी ती माळ्यावर कापडाचे गठ्ठे चढवत होती. खाली बघायला सवड कुणाला होती?

"आज हो म्हणता येत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

दीर पुढे सरकला. "बाई, जरा खालून फोटो काढला तर बोर्ड उंच दिसेल..."

"नको भाऊजी," वहिनी म्हणाली. "पाणी काय फोटो बघून चढतं?"

बाईंनी मोजपट्टी गुंडाळली. मुदत संपायच्या आत पुन्हा येईन, म्हणाल्या.

डोक्याच्या वर

वायरमन दुपारीच आला. वहिनीनं स्टूल ओढलं, वर चढली आणि हात ताठ करून खडूनं रेघ मारली.

"एवढं उंच?" दीर म्हणाला. "कायदा तर एक वीतच मागतो."

"कायदा मागतो तेवढं दिलं, पण पुढचं पाणी मागेल त्याचं काय?"

"आणि रोज बटण दाबायला स्टुलावर कोण चढणार?"

"तुम्ही आहात की ताडमाड. उद्यापासून लवकर येत जा."

वायरमननं भिंतीला भोक पाडायला घेतलं. वहिनीनं कापड झटकलं, आणि बोर्ड बंद आहे तोवर हातानं काजं करायला बसली.