छातीवरचं बटण

गाठोड्याची गाठ हातांनी सुटेना, तेव्हा कोकिळाने ती दातांनी सोडली. आतून नवऱ्याचा, गजाननचा, पायजमा निघाला, पंचा निघाला आणि सगळ्यात खाली त्याचा पांढरा सदरा. गाठोडं आणणारा भिकन ओट्याशी काठीवर भार टाकून उभा होता. निजामाच्या हद्दीत फौज शिरली तेव्हा बऱ्हाणपुरातून रसदीच्या मोटारी गेल्या. त्यांतली एक गजानन चालवत होता आणि भिकन त्याच्या सोबतीला होता. एका खेपेवरून मुक्कामाला परतताना मोटार नाल्यात उलटली. भिकनचा पाय मोडला, गजानन गेला.

"हे मुक्कामावर राह्यलं होतं, भाभी. मले चालता येत नव्हतं, म्हून उशीर झाला."

"मुक्काम कुठं होता?"

"जालन्याकडं, एका खेड्यात. महिनाभर." भिकनने काठी या हातातून त्या हातात घेतली. "गजाननचं जेवणखाण तिथल्याच एका घरी होतं."

एवढं बोलून तो चहालाही थांबला नाही.

आतल्या खोलीत सासू, सोजरबाई, भिंतीकडे तोंड करून पडली होती. बातमी आल्यापासून तिचं हेच चाललं होतं. गजानन निघाला त्या सकाळी सदऱ्याचं छातीवरचं बटण तुटलं. गल्लीच्या तोंडाशी मोटारीचा भोंगा वाजत होता, म्हणून सोजरबाईने ते त्याच्या अंगावरच टाचून दिलं. अंगावर शिवायचं तर त्या माणसाच्या तोंडात काडी द्यायची, नाहीतर ते त्याला बाधतं, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक. घाईत काडी द्यायची राहिली. सगळ्या पेठेच्या गोधड्या शिवणारी बाई, पण तेव्हापासून तिने सुईला हात लावला नव्हता. उपकार केल्यासारखा भाकरीचा तुकडा मोडायची आणि येईल त्याला एकच सांगायची, "मेलेल्याले शिवतात तसं मी माह्या लेकराले शिवलं." ही पण आता जाणार, या धास्तीने कोकिळाचा जीव अर्धा झाला होता. या घरात तिला दुसरं होतं कोण?

तिने सदरा झटकला आणि उन्हात धरला. बाकीची बटणं पांढरी, शिंपल्याची होती. छातीवरचं मात्र तपकिरी होतं, कुठल्यातरी जुन्या कोटाचं असावं तसं मोठं. हिरव्या दोऱ्याने घट्ट बसवलेलं, टाके सुबक, एकावर एक आडवे. सोजरबाईने लावलेलं बटण केव्हाच पडलं होतं तर.

गजानन इंजिन खोलून पुन्हा बसवायचा, पण सुई पुढे आली की त्याची नजर अधू व्हायची. हे त्याचं काम नव्हतं. दोऱ्याचं टोक कापडाला लागून तुटलं होतं आणि चपटं झालं होतं. कात्रीने दोरा असा तुटत नाही. ज्या बाईच्या हाताशी कात्री नसते आणि सदरा माणसाच्या अंगावरच असतो, ती वाकून दोरा दाताने तोडते. त्याच्या छातीशी वाकून. सदरा फाडून चुलीत घालावा, असं कोकिळाला वाटलं. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

आत सोजरबाई खोकली. सकाळचं ताट तसंच झाकलेलं होतं. कोकिळा ते ताट बघत बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत गेली आणि सदरा सासूच्या पुढ्यात पसरला.

"आत्याबाई, हे पाहा. तुमचा टाका नाही हा. तुमचं बटण कधीचंच पडलं. त्यानं दुसरं लावून घेतलं कोणाकडून तरी."

सोजरबाई उठून बसली. बटणावरून तिने अंगठा फिरवला. मग नखाने दोऱ्याचं टोक चाचपलं आणि तिथेच थांबली. तिने कोकिळाकडे पाहिलं. कोकिळाने मान खाली घातली.

"शिंप्याचा हात आहे," सोजरबाई म्हणाली. "काढून दिला असंल सदरा त्यानं शिंप्याले."

"हो."

"शिंपीच असंल. माह्यी पेटी आण."

पेटीत त्याच जोडातलं एक पांढरं बटण उरलं होतं. सोजरबाईने हिरवा दोरा उसवला आणि तपकिरी बटण पदराच्या टोकाला बांधून ठेवलं. सुईत दोरा तिने पहिल्याच खेपेला ओवला.

"आत्याबाई, आता कशाले?"

"आता भेव नाही, बाई. कोणाच्या अंगावर नाही तो."

तिने शिवायला घेतलं. टाके सरळ पडत होते. गाठ मारून झाल्यावर कोकिळाने पेटीतली कात्री पुढे केली. सोजरबाईने ती घेतली नाही. तिने सदरा दोन्ही हातांनी उचलला, गजाननला धरावं तसा खांद्यांशी धरून कोकिळासमोर उभा केला.

"कात्री ठेव," ती म्हणाली. "दातानं तोड."

कोकिळा वाकली. सदऱ्याला अजून मोटारीच्या तेलाचा वास होता. तिने दोरा कापडाशी दातांत धरला आणि कितीतरी वेळ तोडला नाही.