पहिल्या घासाचा चमचा

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा सोडून दिलं. ज्याच्या तोंडाची ही गोष्ट आहे तो माझा दोस्त आहे. त्याचं दुखणं चारचौघांत काढायचं म्हणजे जिवावर येते.

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. स्टीलचा, खोल वाटीचा. प्रताप नगरात अभिजीतचा तर्री-पोह्याचा ठेला आहे, तिथं राहतो. कारखान्यातलं मले काही आठवत नाही. आठवते ते इतवारीतलं भांड्यांचं दुकान. अभिजीतच्या बायकोनं, अंजूनं, मले उचललं आणि म्हणाली, "याच्यावर नाव टाका."

दुकानदार हसला. "बाई, चमच्यावर कोण नाव टाकते?"

"टाका ना. हा गिऱ्हाईकाचा नाही, मालकाचा आहे."

अभिजीतचा एक नेम होता. पहिली प्लेट स्वतःसाठी. पोहे, वरून लालभडक तर्री, आणि मी. गच्च भरलेला एक चमचा तो सगळ्यांसमोर तोंडात घालायचा, डोळे मिटायचा, मग म्हणायचा, "हं, चालू द्या." तोवर कोणाले प्लेट मिळत नसे. त्याच्या जिभेवर लोकांचा भरवसा होता. लोक म्हणत, याच्या तर्रीसारखी तर्री नाही. तेव्हा मले वाटायचं, ही माझीही तारीफ आहे.

एकच खोट होती. सिगरेट. दिवसाच्या दहा-बारा. खोकला लागला तेव्हा अंजू रडली, आणि त्यानं सोडायचं ठरवलं. मेडिकलमधून निकोटीनचं च्युइंगम आणलं. आता ते कसं खायचं हे आतल्या कागदावर लिहिलेलं होतं. हळू चावायचं, मग गालात ठेवून थांबायचं. तो कागद कोणी वाचलाच नाही, ठेल्याचा पाय हलत होता, त्याखाली घडी करून गेला. अभिजीत सिगरेटच्या आधी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला चुरा, खाणारा. खर्ऱ्यासारख्याच दोन-दोन गोळ्या कचाकचा चावल्या, रस गिळला. झालं. उचक्या, छातीत जळजळ, धडधड.

"काय गा अभिजीत, कोण आठवण काढून राहिलं?" नत्थूजी म्हणाले. हे आमचं रोजचं गिऱ्हाईक, रिटायर क्लार्क, जिभेनं तिखट, मनानं चांगले.

"या च्युइंगमनं जीव जाईन नत्थूजी!"

"मग फेक ना. साधी सुपारी खा. बिना तंबाखूची. लग्नात तर लेकरं पण खातात."

च्युइंगम गेलं, सुपारी आली. उचक्या थांबल्या, सिगरेट खरंच सुटली. अंजू इतकी खुश, की पोहे बांधून देता देता सांगायची, "आमच्या यांनी सोडली बरं का!" किराण्यासोबत ती सुपारीच्या पुड्याही आणायची. संपल्या की आठवणीनं आणायची.

तीन वर्षं असंच चाललं. मग एका सकाळी पहिला घास घेतला आणि अभिजीतच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अंजू, किती तिखट टाकलं वं?"

"रोजचंच तर आहे."

"औंदाची मिरचीच जहाल आली."

त्यानं मिरची बदलली. मग कमी केली. मग अजून कमी केली. दोघांची रोज भांडणं. तर्री पार फिकी पडली आणि नत्थूजी ओरडले, "काहून गा, दवाखान्यातली पेज विकून राहिला का?" गिऱ्हाईक पलीकडच्या ठेल्यावर गेलं. मिरचीचा काही दोष नव्हता. आतून तोंडच बदलून राहिलं होतं, आणि त्याच तोंडावर आम्हां सगळ्यांचा भरवसा होता.

मले आधी कळायले पायजे होतं. मी रोज आत जात होतो. आधी सरळ जायचो, मग तिरपा, मग कमी भरून. एक दिवस त्याच्या दातांवर टक्कन आपटलो. पोहे शर्टावर सांडले. लोक हसले. अंजू नाही हसली.

"आ करा," ती म्हणाली. "तीन बोटं घाला उभी."

दीडच बोट गेलं.

दातांच्या दवाखान्यात काय झालं ते अंजूनं नत्थूजींले सांगितलं, मी धुतलेल्या प्लेटांत पडून ऐकत होतो. डॉक्टरीण म्हणाली, सुपारीनं झालं. गालाच्या आतली कातडी आवळत जाते, जळजळते, मग तोंड उघडतच नाही. तंबाखू नसली तरी होते. पुढं कॅन्सरही होऊ शकते, तपासत राहावं लागेल. अभिजीत तिले एकच म्हणत होता, "पण मॅडम, मी तर सिगरेट सोडली ना!"

"पुड्या मी आणत होती, नत्थूजी," अंजू म्हणाली. "मीच."

नत्थूजींनी खिशातली सुपारीची पुडी काढली आणि नालीत टाकली. त्या दिवशी पोहे न खाताच गेले.

आता सुपारी आणि तिखट, दोन्ही त्याले बंद आहे. पहिला घास अंजू घेते आणि तर्री पुन्हा पहिल्यासारखी लाल झाली. गिऱ्हाईक परत आलं. ती मले तोंडात घालते तेव्हा अभिजीत मुद्दाम कांदा कापायले खाली बसतो.

मित्रांनो, वाईट सवय सोडणाऱ्यावर हसू नका, त्यानं मोठं काम केलेलं असते. फक्त त्याच्या हातात दुसरं काय आलं ते पहा. औषध असलं तर कसं घ्यायचं ते डॉक्टरले विचारा. 'साधी' म्हणून कोणी सुपारी देत असलं, तर घेऊ नका.

डॉक्टरणीनं त्याले आइसक्रीमच्या काड्या दिल्या आहेत. एकावर एक रचून दातांत धरायच्या, तोंड ताणायचं, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. नऊपासून सुरू केलं, दोन महिने झाले, अकरावी अजून जात नाही. तोंड पहिल्यासारखं होईलच असं तिनं काही सांगितलं नाही. काल काड्या काढल्यावर त्यानं मले हातात घेतलं, वरण-भात घेतला, ओठाशी नेलं आणि तसंच ताटात ठेवून दिलं.

अभि, ऐक. अकरावी काडी गेली नाही तरी मी कुठं जात नाही. तुझ्या तोंडात अर्धा चमचा मावला तर अर्धा घेऊन येईन. भाताचं एकच शीत मावलं, तर तेवढं एक शीत घेऊन येईन.