काचेवरचा टिळा

मोनाने फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि मागच्या रांगेवर बोट ठेवलं.

"काका, डावीकडून तिसरा कोण हा?"

"पिराजी."

"मग यांच्या कपाळावर टिळा कसा?"

मंगळवार पेठेतल्या तालमीच्या माडीवर पेठेचे जुने कागद आणि फोटो मोना जिवापाड सांभाळायची. हा अडुसष्ट सालचा पैलवानांचा फोटो सकाळीच खालून वर आला होता. तालमीची रीत अशी, की फोटोतलं कुणी वारलं की येत्या खंडेनवमीला वस्ताद काचेवर त्याच्या कपाळी अष्टगंधाचा टिळा लावायचे.

तालमीतले सर्वांत जुने सयाजीकाका चष्मा चढवून फोटोवर वाकले.

"आयला! वस्तादास्नी ठावं हुतं म्हणायचं. आन आमास्नी बोललं न्हाईत. एवढ्या टिळ्यांत ह्यो कवा कुणाच्या ध्यानातबी आला न्हाई."

पिराजी बाहात्तर साली ट्रक घेऊन हैदराबादला गेला, तो परतलाच नाही. त्याची बायको बाळाबाई तेव्हापासून कपाळभर कुंकू लावून त्याची वाट पाहत होती, आणि पेठेत हळदीकुंकवाचा पहिला मान तिचा असे. आज तिला नावं ओळखायला मोनानेच बोलावलं होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

जिन्यावर काठी वाजली.

"पुस त्यो टिळा," काका दबक्या आवाजात म्हणाले.

"काका, इथं वस्तू जशी येते तशीच ठेवायची. पुसायचं काही नाही. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात! म्हातारी हितंच जीव सोडंल की गं. पुस!"

काठी मधल्या वळणावर थांबली, दम खाल्ला, पुन्हा वाजू लागली. मोनाने कापूस ओला केला. तिला स्वतःचाच भयंकर राग आला होता. जुना टिळा सहजी सुटेना, नखाने खरवडावा लागला. बाळाबाई दारात आली तेव्हा पिराजीच्या कपाळावरची काच स्वच्छ होती आणि बोळा मोनाच्या मुठीत.

"या वहिनी, बसा," काका उगाच मोठ्याने म्हणाले.

ती बसली नाही. फोटो जवळ ओढून बोट फिरवत एकेक नाव सांगत गेली. पुढची रांग झाली, मधली झाली. मागच्या रांगेत तिसऱ्यापाशी बोट थांबलं आणि काच चाचपत राहिलं.

"ह्यांचा टिळा कुठं गेला?"

मोनाने बोळ्याची मूठ पाठीमागे नेली.

"भावजी, वस्तादांचं पाय धरून मीच लावून घेतलता त्यो. अपघातात गेल्याचं कार्ड माझ्याच हातात आलतं. घरात सासूबाई हुत्या. पोरगा यील म्हणून दोन घास खायच्या. त्यांच्याम्होरं कपाळ कसं पुसू? त्या गेल्या तवर लई वरसं झालती. मग कुणाला काय सांगायचं?"

सयाजीकाकांनी मान खाली घातली.

"दर खंडेनवमीला दारातनं बघून जायाची मी," ती मोनाला म्हणाली. "त्यांच्या मरणाची तेवढी एकच खूण हुती, पोरी."

'चुकलं' म्हणायलाही मोनाला तोंड उरलं नव्हतं. तिने नोंदवही पुढे ओढली आणि पिराजीच्या नावापुढचा मृत्यूच्या तारखेचा रिकामा रकाना काढला.

"आजी... तारीख आठवते?"

"न आठवायला काय झालं?" बाळाबाईने काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसली. "लिही."