बरणी हलवायची राहिली

भुंगा सकाळी आठलाच आला आणि दारातच उभा राहिला. उजवा हात जाकिटाच्या खिशात, गेले सात महिने असतो तसा.

"ताई, सहा गांडुळं दे. कुठल्याही रंगाची नकोत. तुझा जीव ज्या रंगावर असेल त्याची."

ताईच्या हातातली ढवळायची काडी थांबली. मागच्या खोलीत ती गळाला लावायची मऊ प्लास्टिकची गांडुळं ओतायची, बास मासा पकडणाऱ्यांसाठी. दुकानदार तिच्या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. पण ज्याच्यासाठी तिनं पहिलं गांडूळ ओतलं, तो हा धाकटा भाऊ अर्धांगाचा झटका आल्यापासून तळ्याकडे फिरकला नव्हता. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरानं त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. आणि हाच सात महिने खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता.

"एकटाच जाणारेस?"

"मग काय बँड लावून जाऊ? आणि ऐक. आज एकही मासा लागला नाही, तर होडी सुताराला देऊन टाकणार. सहाला येतोय तो न्यायला."

"हे कधी ठरलं?"

"मी ठरवलं तेव्हा."

ताईनं काडी खाली ठेवली. आणखी काही विचारलं असतं तर तो आल्या पावली परत गेला असता.

रंगांची वही तिनं कधी ठेवली नाही. तिचे सगळे रंग ओव्यांत होते, काडी फिरवता फिरवता जुळलेले. खिडकीत तळ्याच्या पाण्याची बरणी होती, गुरुवारी भरून आणलेली. तिनं दोऱ्याला बांधून एकेका रंगाचं गांडूळ पाण्यात सोडलं आणि पुटपुटली,

*निवळ गं पाण्यामध्ये रंग घ्यावा गवताचा,*
*माशालाही वाटू नये कुणी आला परगावचा.*

गवती रंगाची सहा मोजून तिनं पिशवीत घातली. भुंग्यानं पिशवी डाव्या हातानं घेतली आणि न वळता गेला.

तासाभरानं बरणी धुवायला म्हणून तिनं उचलली. तळाशी बसलेला गाळ वर आला, फिरला, आणि बरणीत राहिलेलं गवती गांडूळ तिच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं.

रंग बघायच्या आधी बरणी हलवायची, हे वीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. आज आनंदाच्या भरात राहिलं. आठवडाभर वारा होता, तळं ढवळून निघालेलं, आणि आपण भावाला निवळ पाण्याचा रंग बांधून दिला! गढूळ पाण्यात तो माशाला दिसणारसुद्धा नाही.

तिनं भुंग्याला फोन लावला. भावजयीनं उचलला.

"वन्सं, फोन इथंच चहाच्या कपाशेजारी ठेवून गेलेत. म्हणाले, बायको आणि बहीण, दोघींचाही आवाज आज कानावर नको."

मग ताईला खोली पुरेना. प्लास्टिक तापायला ठेवलं आणि ती दारापर्यंत गेली, परत आली, खिडकीशी गेली. दुधासारखं पांढरं प्लास्टिक काचेसारखं निवळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच आजही लागत होता, पण तिला वाटलं घड्याळ मुद्दाम खोडी काढतंय. पहिला घाणा गरम असतानाच साच्यातून ओढला, गांडुळं शेपटाशी तुटली. "मेल्यांनो, तुम्हीही आजच!" म्हणत तिनं दुसरा ओतला.

*गढूळ गं पाण्यामध्ये काळा दिसतो दुरून,*
*निळ्या चमकीची चिमूट वर घालावी भुरभुरून.*

तुटलेली पुन्हा वितळवायची सोडून ती हीच ओवी चारदा म्हणाली. शेवटी काळी गांडुळं थंड पाण्यातून काढली, पुसली आणि ती तशीच, एप्रनसकट, स्कूटरवर बसली.

तळं चहासारखं झालं होतं. होडी लव्हाळ्याजवळ गप उभी. तिनं हाका मारल्या, ओढणी हलवली. बऱ्याच वेळानं होडीची छोटी मोटर गुरगुरली आणि भुंगा काठाला आला.

"आता काय? डबा आणलास?"

"माझं चुकलं रे. बरणी हलवली नाही मी. तो रंग इथं चालायचा नाही. ही काळी घे."

पायाशी पडलेली पिशवी भुंग्यानं उचलून दाखवली. सहाच्या सहा तशीच होती, फक्त एक मधोमध फाटलेलं.

"रंगाचं काय घेऊन बसलीस, ताई? दोन तास झाले. गळात एक गांडूळ ओवता येत नाही मला. डाव्यानं गळ धरला की उजवा ऐकत नाही." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "सुताराला लवकरच बोलावतो."

ताईनं चपला काठावर काढल्या आणि एक पाय होडीत टाकला. होडी कलली.

"अगं! तुला बादलीभर पाण्याची भीती वाटते!"

"म्हणून माझ्याकडे बघू नकोस. तिकडं बघ."

ती फळीवर बसली, डोळे गळावर ठेवले आणि काळं गांडूळ ओवून दिलं. भुंग्यानं डाव्या हातानं काठी झटकून गळ फेकला. गळ लव्हाळ्यात अडकला. दुसऱ्यांदा होडीच्याच कडेला. तिसऱ्यांदा ताईच्या एप्रनला.

"मला पकडलंस तर होडी वाचली का रे?"

"वजन जास्त आहे, दोरा तुटेल."

ती ओवत राहिली, तो फेकत राहिला. ऊन डोक्यावर आलं. आणि मग दोरा एकदम ताठ झाला, काठी वाकली, पाणी फुटलं. हिरवट काळी पाठ एकदा दिसली. भुंग्यानं ओढलं, पण क्षणभर उशिरा. दोरा सैल पडला.

ताईला त्याच्याकडे बघवेना. आता काठ, आता सुतार, आता खुर्ची.

"किती चमक घातली होतीस?" तो कडाडला.

"चिमूटभर."

"चिमूट कुणाची, तुझी की राक्षसाची? ऊन आलंय, नुसती आरशासारखी चमकतेय. म्हणून अर्धवट धरलंन त्यानं. बिनचमकीचा काळा हवा. किंवा मळकट तांबडा. तू कधी बनवणार?"

"घरी गेल्यावर."

"मग चल ना, बसलीस काय?" त्यानं मोटर सुरू केली, होडी वळवली.

"आणि सहाला सुतार येईल त्याचं?"

"त्याला सांग, होडी ओली आहे. वाळली की बघू."

दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून ताई बसली होती. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

"ती फळी सोड गं जरा," भुंगा काठी पुढं करत म्हणाला. "नवीन ओव. काठ येईपर्यंत दोन-चारदा टाकतो."